हलव्यावर उमटलेली खुशाली

सगळ्यात आधी माझ्या सासूबाईंचं, हन्नाबाईंचं नाव घेते. त्यांच्या सणाच्या हलव्यावर मी आमच्या मंडळाचा अंक छापला, तरी त्यांनी मला माहेरी पाठवलं नाही. (माझं माहेर अलिबागच्या पलीकडे आणि आम्ही राहायला इस्राएलात, नेतिवोतला. मध्ये अख्खा समुद्र. पण सासूबाईंनी मनावर घेतलं असतं तर बोटीची चौकशी केलीच असती.) दुसरे आभार वरच्या मजल्यावरच्या फोर्तुनाचे, कारण तिच्याकडे फ्रीज होता. आभार मानायची मला सवयच आहे. बसमधून उतरताना मी ड्रायव्हरला इतक्यांदा ‘तोदा’ म्हणते, की तो बिचारा दार बंद करायचं विसरतो.

आम्ही बासष्ट साली इथे आलो. माझा नवरा दानियल कारखान्यात लागला आणि मी घाबरण्याच्या कामाला लागले. दुकानात शब्द येत नसत, म्हणून बटाटे बोट दाखवून घ्यायचे. एकदा बोट जरा तिरकं गेलं, तर दोन किलो बीट घेऊन घरी आले आणि परत करायची हिंमत नाही म्हणून आठवडाभर सगळ्यांना बीट घातलं. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “पोरी, बोट सरळ धर.”

आमच्या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांचं एक मंडळ होतं. सभासद हैफाच्या बंदरापासून मित्स्पे रामोनच्या खाणीपर्यंत विखुरलेले, त्यामुळे कुणाकडे काय झालं हे कळायला एकच साधन: मंडळाचा एकपानी अंक, ‘खुशाली’. कोण नवीन आलं, कुणाचं जमलं, कोण गेलं, सणाची प्रार्थना कुठे, एवढंच त्यात असे. आधी एक गृहस्थ तो कार्बन पेपर घालून हाताने लिहायचे. वरची प्रत सुरेख निघे, पण सगळ्यात खालची ज्याच्या वाट्याला येई त्याला कुणीतरी वारलंय एवढंच कळे. कोण, ते पुढच्या भेटीत समजायचं. मग ते गृहस्थ हैफाला राहायला गेले आणि ‘खुशाली’ बंद पडली.

मंडळाचे अध्यक्ष शालोमकाका. मुंबईला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात हेडक्लार्क होते, आणि माणसांकडेसुद्धा पार्सल नीट बांधलंय की नाही अशाच नजरेने बघत. त्यांचं म्हणणं, आता अंक हिब्रूत काढावा. त्यांचा भाचा ऑफिसात टाइप करून देईल. बोलणं चुकीचं नव्हतं. आमची तरुण पोरं तर मराठीत विचारलं की हिब्रूत उत्तर द्यायला लागलीच होती. पण म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं? तेव्हा भर सभेत आमचा दानियल उभा राहिला आणि म्हणाला, “माझ्या बायकोचं अक्षर मोत्यासारखं आहे.” मला न विचारता! काकांनी विचारलं, शिक्षण किती? दानियल म्हणाला, “पुष्कळ.” (चौथी. चौथीत धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसवलं, ते बसवलंच.)

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि निकाल दिला. “मिसेस दानियल, एक इशू तुम्ही काढा. नव्याच्या सणाआधी. बुधवारच्या शेवटच्या बसने बंडल बेरशेबाला गेलं पाहिजे, तिथून पुढे वाटतील. ऑन टाइम निघाला तर पुढचे इशू तुमचे. नाही तर हिब्रू.” शिवाय एक नियम घातला: अंक निघेपर्यंत त्यातली बातमी घरातसुद्धा फोडायची नाही.

आता खरं सांगायचं तर मला तो अंक हवा होता. भीती वाटत होती, तरी हवा होता. इथे आल्यापासून मला जमतंय असं एकच काम कुणीतरी समोर ठेवलं होतं. आणि दुसरं म्हणजे सासूबाई. त्यांना लिहितावाचता येत नाही. जुन्या ‘खुशाली’चे अंक मी त्यांना वाचून दाखवायची, तेव्हा त्या हातातलं काम बाजूला ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसत. एरवी त्या माझ्या हाताकडे बघत, चुकतंय का म्हणून.

छापायचं कसं, तो तोडगा बालवाडीच्या बाईंनी दिला. मुलांना चित्रं वाटायला त्या एक जेली करत. सरस वितळवायचा, त्यात ग्लिसरीन आणि साखर घालून काठाच्या थाळ्यात ओतायचं आणि थिजू द्यायचं. मग जांभळ्या शाईने कागदावर लिहायचं आणि तो कागद जेलीवर पालथा घालायचा. अक्षरं जेलीत उलटी उतरतात. त्यावर कोरा कागद दाबला की ती सुलटी होऊन कागदावर येतात. अशा तीस-चाळीस प्रती सहज निघतात. बाईंनी शाईची बाटलीही दिली. मी इतक्यांदा ‘तोदा’ म्हटलं की त्यांनी मला पाणी प्यायला दिलं.

मुश्कील एवढीच होती, की काठाचे थाळे घरात दोनच. दोन्ही पितळी, एकाच मापाचे, सासूबाईंच्या लग्नातले. एक त्यांनी मला दिला. दुसरा हलव्याला.

आमच्यात नव्याच्या सणाला, म्हणजे वर्षाच्या पहिल्या दिवशी, रोश हशानाला, चिकाचा हलवा लागतोच. गहू भिजवायचे, वाटायचे, पिळून त्यांचा चीक काढायचा, नारळाच्या दुधात आणि चायना ग्रासमध्ये ढवळत बसायचं, थाळ्यात थापायचं आणि वड्या पाडायच्या. दंड भरून येतात. त्या वर्षी नारळ मिळाले नाहीत की गूळ नाही. सासूबाईंनी इथला खजुराचा पाक घातला आणि हलवा झाला तपकिरी, चकचकीत, आरपार दिसेलसा. तिकडे माझी जेली झाली तपकिरी, चकचकीत, आरपार दिसेलशी. सरस शिजताना घरात असा वास सुटला की जणू खुरांची मिरवणूक चाललीय. सासूबाईंना त्रास नको म्हणून मी त्यात वेलदोड्याची टरफलं टाकली. एवढी काळजी घेणारी सून कुठे मिळेल?

दोन्ही थाळ्यांवर ओलं फडकं घालून आम्ही ते थिजायला ठेवले. हलवा ओट्यावर, जेली आतल्या खोलीत कपाटावर. संध्याकाळी मला ओट्यावर मुंगी दिसली, म्हणून मी हलवा कपाटावर नेला आणि जेली ओट्यावर आणली. मग वाटलं, कपाट भिंतीला लागून आहे, मुंगी भिंतीनेही जाईल. म्हणून परत अदलाबदल केली. मग वाटलं, सासूबाईंना विचारल्याशिवाय हलवा हलवला हे बरं दिसत नाही, तेव्हा तो आधी जिथे होता तिथेच ठेवावा. आता तो आधी कुठे होता? मी दोन्ही थाळे हातात घेऊन खोलीच्या मधोमध उभी राहिले, नीट विचार केला, आणि पूर्ण खात्रीने चुकीच्या जागी ठेवले.

बुधवारी सकाळी दानियल कामावर गेला. अंकाचा कच्चा खर्डा त्याने डबा गुंडाळायला नेला, हे मला मागाहून कळलं. त्यात काही बिघडलं नव्हतं, कारण पक्की प्रत माझ्या हातात होती: जांभळ्या शाईत, समासासकट, एकही खाडाखोड नाही. मी ती कपाटावरच्या थाळ्यात पालथी घातली आणि तळहाताने हळुवार दाबली. बाईंनी सांगितलं होतं तेवढा वेळ थांबले. मग कोपरा धरून उचलला.

कोपरा आला. कागद आला नाही.

दुसरा कोपरा धरला, तोही सुटून हातात आला. मग मी मधून सोलायला घेतला, तेव्हा कागदाचा लगदा निघाला आणि नखात तपकिरी काहीतरी अडकलं. मला वाटलं, उकाड्याने जेली सुटली. वेलदोड्याचा वास आला, पण तो तर मीच टाकला होता. एक कोरा कागद दाबून बघितला, तर तो जेलीवरच राहायला गेला, नखाने सोलून काढावा लागला. थाळ्यात मात्र माझं सगळं अक्षर उतरलं होतं. जांभळं, ठळक, उलटं.

तेवढ्यात बाहेर शालोमकाकांचा आवाज आला.

पुढचं मी आतून ऐकलं. आमच्यात सणासुदीला दारात आलेल्या माणसाला तोंड गोड केल्याशिवाय बोलू देत नाहीत. सासूबाईंनी तोवर ओट्यावरच्या थाळ्यावर बदामाचे काप पेरले होते, शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडल्या होत्या, आणि शेजारीपाजारी बशाही पोचवून आल्या होत्या. (त्यांना तेव्हा सर्दी होती. नाहीतर पुढचं काही घडलंच नसतं.) काकांनी सुरुवात केली, “हन्नाबाई, इशूचं काय...” सासूबाई म्हणाल्या, आधी वडी घ्या, भाऊ. काकांनी वडी तोंडात टाकली.

मी कान देऊन ऐकत होते. कुणी काही बोलेना.

शेवटी मी तपकिरी हातांनी बाहेर आले. काका खुर्चीत ताठ बसले होते. गालाची हालचाल चालू होती, ती हळूहळू मंद होत गेली आणि थांबली. काकांची कवळी मुंबईहून करून आणलेली, बाहेर जाताना घालायची. वरची ओळ आणि खालची ओळ एकत्र आली होती आणि वेगळं व्हायला तयार नव्हती. ते घड्याळाकडे बोट दाखवत होते, मग माझ्याकडे, मग कागदावर लिहिल्यासारखं हवेत करत होते. सासूबाईंना वाटलं, वडी आवडली. त्यांनी दुसरी त्यांच्या हातात ठेवली.

मी त्या दुसऱ्या वडीकडे बघितलं. खिडकीच्या उजेडात तिच्यातून काकांची बोटं दिसत होती. हलवा कितीही झाला तरी इतका आरपार नसतो. माझ्या डोळ्यांसमोर अख्खा नेतिवोत फिरला. मंडळाचे अध्यक्ष, सणाच्या तोंडावर, आमच्या घरात बसून सरस चावत होते.

बोलावं की न बोलावं, हे ठरवायला मला नेहमीच वेळ लागतो. तेवढ्यात काका उठले, तोंडावर रुमाल धरला, सासूबाईंना मान लववून नमस्कार केला आणि लगबगीने निघून गेले. अंक तयार आहे का, हे त्यांना विचारताच आलं नाही. त्या एका वडीने मला दुपार मिळवून दिली.

“न बोलताच गेला,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्या आत आल्या. माझ्या हातांकडे बघितलं. मग थाळ्याकडे. आपला हलवा त्यांनी ओळखला; आई आपलं पोर चिखलात लोळलेलं असलं तरी ओळखते तसा.

“हे काय लिवलंय?”

“खुशाली, आई.”

“माझ्या हलव्यावर?”

“हो.”

मी वाट बघत होते. भिजवलेले गहू, वाटण, ढवळणं, भरून आलेले दंड, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून चाललं होतं. आता दुसरा चीक काढायला गहू नव्हता की दिवस नव्हते. सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या.

“मग वाच की.”

“उलटं उमटलंय, आई. मला वाचता येत नाही.”

“तुला पण नाय?” त्या म्हणाल्या. रागाने नाही, खरंच नवल वाटून. मी घरी बसले ती चौथीतून, त्या शाळेत कधी गेल्याच नव्हत्या. त्या थाळ्यापुढे आम्ही दोघी एकाच इयत्तेत आलो.

मग त्या उठल्या आणि दानियलचा दाढीचा आरसा घेऊन आल्या. थाळ्याच्या काठावर तो तिरका धरला आणि आरशात माझं अक्षर सुलटं झालं, जरा चिकट, पण सुलटं. मी वाचू लागले. प्रार्थना कुठे होणार, कुणाची सोयरीक जमली. दोन ओळी सोडून मी वाचलं, “मित्स्पे रामोन. एस्तेरबाईंच्या घरी नातू झाला. बाळ-बाळंतीण खुशाल आहेत.”

आरसा हलला. एस्तेरबाई म्हणजे सासूबाईंची सख्खी धाकटी बहीण. पत्र अंकासाठी माझ्या नावावर आलं होतं, आणि बातमी घरातसुद्धा फोडायची नाही हा काकांचा नियम मी भीतीने इतका कडक पाळला होता, की बाळ चार दिवसांचं झालं तरी मावशीआजीला पत्ता नव्हता.

“परत वाच,” सासूबाई म्हणाल्या.

मी परत वाचलं. त्यांनी आरसा आणखी जवळ आणला, जणू बाळ त्यात दिसणार होतं. मग डोळे पुसले आणि एकदम विचारलं, “आणि हे सगळ्यांना कधी कळायचं?”

मी म्हटलं, आजच्या बसने अंक गेला तर कळेल, नाहीतर कळायचं नाही. यापुढे हिब्रूत येईल.

“एस्तेरच्या नातवाची खबर मी हिब्रूत ऐकू होय?” त्या म्हणाल्या. “तू लिव. मी आरसा धरते. तुझी जेली कुठाय?”

“तुम्ही वाटलीत, आई.”

इथे खरा इतिहास घडला. दिलेला पदार्थ शेजारणीकडून परत मागून आणणं हे आमच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं, आणि सासूबाई तर भाजीवाल्याकडूनही सुटे पैसे परत मागायला लाजत. मी आरशात बघून पुन्हा सगळं लिहून काढेपर्यंत (आरसा एका डब्याला टेकवून) त्या डोक्यावर पदर घेऊन घरोघर गेल्या. हिब्रूतले त्यांना चारच शब्द येत, त्यांतला एकही या प्रसंगाचा नव्हता. तेव्हा त्या प्रत्येक दारात हात जोडायच्या, वडीकडे बोट दाखवायच्या, मग पोटाकडे, आणि जोरात मान हलवायच्या. कुणी हरकत घेतली नाही. उलट सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद होता. फोर्तुना ट्युनिसची, फार मानी बाई. ती वडीला ‘छान, छान’ म्हणत राहिली आणि तेवढ्यात आतून धप्प असा आवाज आला. तिची मुलं एक वडी भिंतीवर मारून बघत होती. वडी उडत होती. तिने ती पकडून, पुसून, आदराने बशीत ठेवली, आणि रिकामी बशी परत जाऊ नये म्हणून वर आपल्या घरच्या कुकीज ठेवल्या.

सगळ्या वड्या पातेल्यात गेल्या. सासूबाईंनी बदामाचे काप वेचून काढले, सरस वितळवला, त्याच थाळ्यात ओतला. पण थिजायला वेळ कुठला? मी रडायच्या बेताला आले. सासूबाईंनी थाळा उचलला, वर गेल्या आणि फोर्तुनाच्या फ्रीजचं दार स्वतः उघडलं. फोर्तुनाने विचारलंसुद्धा नाही. तिने आतली कोंबडी काढून हातात धरली आणि जेली थिजेपर्यंत ती धरूनच उभी राहिली. (फोर्तुना, तोदा. परत एकदा तोदा.)

मग आम्ही छापलं. मी कागद दाबायची, सासूबाई सोलून दोरीवर वाळत घालायच्या. अक्षर काय सुंदर उठलं! एकच उणीव राहिली. बदामाचा एक काप पातेल्यात राहून गेला होता, तो जेलीत थिजला, आणि प्रत्येक अंकात त्या ठिकाणी बदामाच्या आकाराची पांढरी जागा आली. ती जागा नेमकी अध्यक्षांच्या नावावर होती.

बंडल घेऊन मी धावत बस गाठली. ड्रायव्हर तोच, मला ओळखणारा. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, “तोदा, तोदा, गवेरेत. बंडल द्या.” (गवेरेत म्हणजे बाईसाहेब.)

राहिला हलवा. सासूबाईंनी सुरी घेऊन वरचा जांभळा थर, एस्तेरबाईंच्या नातवासकट, खरवडून काढला. खाली पापडाएवढा पातळ हलवा उरला. त्यातही शाई मुरली होती. मी म्हटलं, विषारी असेल. सासूबाई म्हणाल्या, पोरांची तोंडं आली की दवाखान्यात असलंच जांभळं औषध लावतात, उलट बरंच. सणाच्या प्रार्थनेला आमच्या घरातली सगळी माणसं तोंड मिटून उभी होती. लोक म्हणाले, केवढी श्रद्धा. तोंड उघडलं असतं तर जिभा दिसल्या असत्या.

पुढच्या सभेला शालोमकाका आले. कवळी एक रात्र गरम पाण्यात ठेवून सुटली होती. आपलं नाव अंकात का नाही असं विचारतील, म्हणून मी दानियलच्या पाठीमागे बसले. पण काकांनी अंक वर धरून दाखवला. मित्स्पे रामोनहून सांगावा आला होता, की या वेळी पहिल्यांदाच सगळ्यांना सगळी अक्षरं वाचता आली. ते म्हणाले, “इशू ऑन टाइम. पुढचे मिसेस दानियलच काढतील.” मग खाली वाकून, हळू आवाजात, “हन्नाबाई, हलवा मात्र जरा टफ होता हं.”

सासूबाईंनी पदर सारखा केला.

“इथला गहूच तसला, भाऊ.”

“करेक्ट,” काका म्हणाले. “इथला गहू.” अजूनही मुंबईहून नवीन कुणी आलं की ते त्याला इथल्या गव्हाबद्दल सावध करतात.

सासूबाईंनी त्या दिवशी माझ्यासाठी हलवा घालवला, शेजाऱ्यांपुढे मान खाली घातली, आणि त्यातलं काहीही नंतर कधी बोलून दाखवलं नाही. याची फेड मी करणार आहे. चीक काढायचा, ढवळायचा, सगळं माझ्या हातांनी, त्यांनी नुसतं बसून खायचं. एकदा प्रयत्नही केला. हलवा फक्कड झाला होता, शाईचा थेंब नाही. सासूबाईंनी वडी उचलली, उलटी करून बघितली, उजेडात धरली, आणि दानियलचा आरसा मागितला. तेव्हा त्यांना शब्द देऊन ठेवलाय: एक ना एक दिवस मी असा हलवा करीन, की तो त्या वाचून न बघता खातील.